आयबीडी आणि कोकणातलं ताट : आहारतज्ज्ञाकडे जाताना काय न्यायचं, काय विचारायचं, कुठे फसतं

खाजणकाठ (धागाकर्ता)

आयबीडी म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या सुजेचा आजार. त्याच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एकाचं, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस (फक्त मोठ्या आतड्याचा, पुढे नुसतं 'कोलायटिस') किंवा क्रोन्सचं (आतड्यात कुठेही होणारा), निदान झालं की रत्नागिरी-सिंधुदुर्गात पहिला आहारसल्ला शेजारून येतो. मासे बंद, नारळ बंद, कुळीथ बंद, पेज प्या. दुसरा व्हॉट्सॲपवरून येतो आणि तो बहुतेक वेळा आयबीएसचा असतो. एका अक्षराचा फरक, पण आजार वेगळा. आयबीएसमध्ये आतड्याला सूज नसते, व्रण नसतात. आयबीडीमध्ये दोन्ही असतात, आणि नुसत्या पथ्याने ते भरून येत नाहीत, औषध लागतं. तिसरा सल्ला आहारतज्ज्ञाकडून यायला हवा. तो घ्यायला माणूस रिकाम्या हाताने गेला तर छापील तक्ता घेऊन परत येतो. तसं होऊ नये म्हणून हा धागा.

आहारतज्ज्ञाला तीन गोष्टी कळल्याशिवाय काहीही बंद करता येत नाही.

एक, आजार कुठे आहे. फक्त मोठ्या आतड्यात, की लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला (रिपोर्टवर 'टर्मिनल इलियम' लिहिलेलं असतं), की आणखी वर.
दोन, आतडं कुठे अरुंद झालंय का. 'स्ट्रिक्चर' हा शब्द रिपोर्टात शोधा.
तीन, आजार आत्ता भडकलेला आहे की शांत.

म्हणून फाइलमध्ये हे हवं: कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट बायॉप्सीसकट, सीटी किंवा एमआर एंटेरोग्राफी (लहान आतड्याचं स्कॅन) झाली असेल तर तिचा, ताजा सीआरपी (रक्तातलं सुजेचं माप), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन आणि शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी. कॅलप्रोटेक्टिन ५० च्या आत असेल तर आतड्यात सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर असेल तर बहुधा भडका. मधल्या आकड्यांवरून घरी निष्कर्ष काढू नका. औषधांची यादी डोससकट. त्यात 'आपलं साधंच आहे' म्हणून सोडलेलं सगळं घाला: कुड्याच्या सालीचा काढा, त्रिफळा, इसबगोल, गुडघ्यासाठीची वेदनाशामक गोळी. ती शेवटची तर आधी सांगा, आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅकच्या जातीची असेल तर तिच्यामुळेही आजार भडकू शकतो.

आणि वजन. आजचं नव्हे, गेल्या सहा महिन्यांचं.

---

पाटाचंपाणी

वजनाबद्दल थोडं तपशिलात, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं.

दवाखान्यात कुपोषणाचा धोका मोजायला 'मस्ट' नावाची गुणपद्धत वापरतात. घरीही जमते. बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येतो तो आकडा) २० च्या वर असेल तर ०, १८.५ ते २० असेल तर १, त्याखाली २. गेल्या तीन ते सहा महिन्यांत, न ठरवता, वजन ५ ते १० टक्के उतरलं असेल तर १, दहाच्या वर गेलं तर २. बेरीज २ किंवा जास्त झाली तर धोका मोठा.

उदाहरण घ्या. उंची १६० सेंमी, गणपतीत वजन ५४, शिमग्याला ४८. घट ६ किलो, म्हणजे ११ टक्के. गुण २. बीएमआय १८.७५, गुण १. एकूण ३. बघणारा म्हणेल, 'जरा बारीक झालीस हो', पण कागदावर हा रुग्ण मोठ्या धोक्यात आहे आणि त्याला 'हलकं खा' हा सल्ला घातक आहे.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. स्टिरॉइडने अंगात पाणी धरतं, पायाला सूज येते, मग काटा खोटं सांगतो. अशा वेळी दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून लिहा. दर वेळी तोच हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये.

अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलं म्हणून प्रोटीन पावडर आणायला धावू नका. सूज असली की अल्ब्युमिन आपोआप उतरतं, तो खाण्याचा मापक नव्हे.

---

आबोली_वळेसर

खाण्याची वही कशी ठेवायची? 'सकाळी नाश्ता, दुपारी जेवण' असं लिहून नेलं तर उपयोग होतो का?

---

खाजणकाठ

नाही होत ताई. सलग सात दिवस, निदान तीन तरी, आणि त्यात एक सुट्टीचा किंवा सणाचा दिवस हवाच. पानावर पाच रकाने पाडा: वेळ, काय आणि किती, कसं शिजवलं, शौच, बाकी त्रास.

'किती'साठी घरातली एक वाटी ठरवा आणि तिच्यात पाणी ओतून ती किती मिलीची आहे ते एकदा मोजा. आमटीची वाटी १०० पासून २०० मिलीपर्यंत काहीही असते.

'कसं शिजवलं' हा रकाना आपल्याकडे फार महत्त्वाचा. 'माशाची कढी' एवढ्याने काही कळत नाही. वाटण गाळलेलं की चोथ्यासकट, तिरफळं काढली की चावली, मिरच्या किती, तेल किती पळ्या, हे लिहा.

शौचाला ब्रिस्टल मापाचे आकडे असतात, १ म्हणजे खडे, ७ म्हणजे नुसतं पाणी. दिवसातून किती वेळा, रक्त आहे का, आणि रात्री झोपेतून उठून जावं लागलं का. हा रात्रीचा प्रश्न बरेच जण लिहीत नाहीत. झोपमोड करणारे जुलाब आतड्याच्या सुजेकडे बोट दाखवतात, दिवसाच होणारी गडबड कधी कधी वेगळीच असते.

---

उकडातांदूळ

पेजेबद्दल बोला कोणीतरी. आमच्याकडे पेज नसली तर जेवल्यासारख्या वाटणा नाय, आणि आजाऱ्याला तर तीच देतात. मग वाईट काय तिच्यात?

---

माडाखाली

वाईट काहीच नाही. पोटात सहज उतरते, मीठ घातलेलं असतं, पाणी जातं. आकडे मात्र बघा.

भडक्यात प्रथिनं लागतात वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, शांत काळात साधारण १ ग्रॅम. ५२ किलोच्या माणसाला भडक्यात ६२ ते ७८ ग्रॅम. आता पेज: एका मोठ्या वाडग्यात तांदूळ जातो ३० ग्रॅमच्या आसपास. दिवसाला चार वाडगे म्हणजे १२० ग्रॅम तांदूळ, प्रथिनं ९-१० ग्रॅम, उष्मांक सव्वाचारशे. लागतात दीड हजाराच्या वर. 'पेजेवर ठेवलंय' असा रुग्ण तीन आठवड्यांत मांडीचं मांस खाऊन जगायला लागतो.

तोच माणूस, आतडं अरुंद नाही, मासे चालतात, असं धरून एक दिवस मांडतो. तक्ता म्हणून नको, हिशेब म्हणून घ्या:

सकाळी पेज एक वाडगा (२) आणि दोन उकडलेली अंडी (१२). दुपारी ७५ ग्रॅम तांदळाचा मऊ भात (६), ३० ग्रॅम मूगडाळीचं वरण (७), साफ केलेलं १०० ग्रॅम पापलेट किंवा मुडदुशी, उकडून नाहीतर कमी तेलात (१८). चारला १५० ग्रॅम दही (५). रात्री आटवल, ५० ग्रॅम तांदूळ २० ग्रॅम मूगडाळ (९), सोबत पुन्हा १०० ग्रॅम मासा किंवा चिकन (१८). बेरीज ७७.

रात्रीचा मासा काढला की ५९, म्हणजे किमान आकड्याच्याही खाली. 'मासे बंद' या दोन शब्दांची किंमत एवढी आहे. शाकाहारी घरात ही तूट भरायला ५० ग्रॅम पनीर (९), दोनदा वरण, दही वाढवणं, आणि तरीही न जमल्यास वैद्यकीय पूरक पेय. ते कुठलं आणि किती, हे आहारतज्ज्ञ ठरवेल.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा सगळा हिशेब बदलतो, म्हणून वर क्रिएटिनिन मागितलंय.

---

सड्यावरचा

नारळाचं काय? एका तक्त्यात 'नारळ पूर्ण बंद', दुसऱ्यात 'शहाळं भरपूर'.

---

खाजणकाठ

नारळ ही एक वस्तू नाहीच, निदान तीन आहेत, आणि तक्ते बाहेर छापले जातात म्हणून ही गल्लत होते.

ओल्या खोबऱ्याची चव: १०० ग्रॅममागे चोथा नऊ ग्रॅमच्या आसपास आणि तोही न विरघळणारा. आतडं अरुंद असेल तर हीच अडकते. भडक्यातही नको.

नारळाचं दूध: वाटण वस्त्रगाळ केलं की चोथा मागे राहतो, पण फॅट सगळी खाली येते. फक्त मोठ्या आतड्याचा आजार असलेल्याला पातळ दुधाची सोलकढी सहसा सोसते. मात्र लहान आतड्याचं टोक बिघडलेलं असेल किंवा कापून काढलेलं असेल, तर पित्ताम्ल पुन्हा शोषली जात नाहीत, फॅट पचत नाही, आणि जाड दुधाच्या आमटीनंतर तासाभरात पिवळे, तेलकट, पाण्यावर तरंगणारे जुलाब होतात. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याचं दूध, तेही अर्धी वाटी, आणि मिरची-लसूण वगळून.

शहाळ्याचं पाणी: पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. जुलाबात जातं मुख्यतः सोडियम. म्हणजे शहाळं ओआरएसच्या जागी चालत नाही, सोबत चालतं.

हीच गोष्ट कुळथाची. उसळ म्हणजे सालासकट अख्खा दाणा. पिठी म्हणजे भाजून, साल पाखडून, दळलेलं पीठ. लसणीची फोडणी कमी करून पातळ पिठी ज्याला सोसते त्याला उसळ सोसेलच असं नाही. नाचणीचं सत्त्वही तसंच, भिजवून वाटून गाळलं की कोंडा जातो, पोटाला सौम्य होतं. पण नाचणीचं कॅल्शियमही बरंचसं त्या कोंड्यातच असतं, ते जातं. शांत काळात सत्त्व सोडून नाचणीच्या पिठाच्या पातळ आंबीलीवर या, नाहीतर 'नाचणी खातेय म्हणजे हाडांचं बघितलं' हा गैरसमज राहतो.

आहारतज्ज्ञाकडे गेलात की 'नारळ चालेल का' असं विचारू नका. 'गाळलेलं दूध चालेल का, किती, आठवड्यातून किती वेळा' असं विचारा.

---

पाटाचंपाणी

+१. स्ट्रिक्चरवाल्यांसाठी कोकणातली धोक्याची यादी वेगळी काढून ठेवतो, बाहेरचा आहारतज्ज्ञ ही नावं घेणार नाही:

कुयरीची भाजी, म्हणजे कोवळा फणस. केळफूल. शेवग्याच्या शेंगेचा चोथा (गर खरवडून खाल्ला तर चालतो, चोथा चावत बसायचं नाही). अळूचे देठ. टाकळा आणि पावसातल्या बाकी रानभाज्या. ओले काजूगर अख्खे. रेषाळ रायवळ आंबा (हापूसचा रस चाळणीतून काढून चालतो). सुकट, कारण जवळा सालीसकट पोटात जातो आणि वर मीठही खूप, स्टिरॉइड चालू असेल तर तेही नको. काटेरी बारीक मासे.

आणि ऋषिपंचमी. ऋषीच्या भाजीत अळूचे देठ, माठ, वर मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळं एकाच वाटीत. मक्याचा दाणा न चावता गेला की जसाच्या तसा पुढे सरकतो आणि अरुंद जागी बसतो. प्रसाद म्हणून चमचाभर रस घ्या.

पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरणं बंद झालं, तर खाणं-पिणं थांबवून थेट रुग्णालय. रेचक घ्यायचं नाही, इसबगोल तर मुळीच नाही.

स्ट्रिक्चर *नसेल* तर वरची यादी फाडून टाका. शांत काळात कोलायटिसच्या रुग्णाला चोथा तोडण्याचं काही कारण नाही. कमी चोथ्याचं जेवण शौचाच्या फेऱ्या कमी करतं, सूज कमी करत नाही. ते भडक्यापुरतं. लोक दोन-दोन वर्षं त्यावरच बसतात आणि मग फोलेट कमी, क जीवनसत्त्व कमी, वर बद्धकोष्ठ.

---

मिठागर

आहारतज्ज्ञ निवडताना काय बघायचं, त्यावर लिहितो.

आपल्याकडे 'न्यूट्रिशनिस्ट' ही पाटी कोणीही लावत आलंय. आहार क्षेत्र २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याच्या कक्षेत आलं. तरीही स्वतः विचारून घेणं बरं. क्लिनिकल न्यूट्रिशन किंवा डाएटेटिक्समधली पदव्युत्तर पदवी वा पदविका, रुग्णालयात काम केल्याचा अनुभव, आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'रजिस्टर्ड डायटिशियन' परीक्षा, म्हणजे नावापुढे आरडी. एवढं असेल तर पुढचे चार प्रश्न:

आयबीडीचे रुग्ण नियमित बघता का?
माझ्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांशी बोलाल का, किंवा त्यांना चिठ्ठी लिहाल का?
जे बंद कराल ते परत कधी आणि कसं सुरू करायचं?
पावडर विकता का?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर उठा. वगळण्याचा कुठलाही आहार परतीच्या तिकिटाशिवाय देत नाहीत. चौथ्याला उत्तर 'हो, आमच्याकडचीच घ्यायची' असेल तरी उठा. आणि रक्तातून दोनशे पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' तपासणी करून आणा म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. त्यात जे आयजीजी (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) मोजतात, ते तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच बहुधा सांगतं. कोकणातल्या माणसाच्या रिपोर्टात भात, नारळ, मासा लाल दिसणारच.

'औषधं हळूहळू सोडवू' म्हणाला, तर काय करायचं ते सांगायला नको.

कुठे जायचं: गॅस्ट्रोचे डॉक्टर बघतात त्याच रुग्णालयातला आहारतज्ज्ञ पहिली पसंती. दक्षिणेकडच्या लोकांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज किंवा कोल्हापूर, उत्तरेकडच्यांना मुंबई. रत्नागिरी, ओरोस, अलिबागला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आहार विभाग कोणत्या वारी चालतो ते निघण्याआधी फोनवर विचारा, नाहीतर फेरी फुकट. पहिली भेट समोरासमोर करा, वजन-उंची-दंड तिथे मोजून होऊ दे. पुढच्या भेटी व्हिडिओवर चालतात, पहिली दोन-चार आठवड्यांनी. त्या दिवशी रेंज असलेल्या जागी बसा आणि वहीचे फोटो आदल्या दिवशी पाठवा. भेटीची निम्मी वेळ वही वाचण्यातच जाऊ नये.

---

आबोली_वळेसर

फक्त डब्यातल्या दुधावर सहा आठवडे ठेवतात असं ऐकलंय. ते खरंच करतात का? आणि क्रोन्सचा म्हणून जो एक 'एक्सक्लूजन डाएट' सांगतात तो?

---

माडाखाली

दोन्ही खरं आहे, दोन्ही क्रोन्ससाठी. कोलायटिसला यांचा तसा उपयोग दाखवता आलेला नाही, त्यामुळे निदान कुठलं ते आधी पक्कं करा. भारतात त्याआधी आणखी एक फाटा आहे, आतड्याचा क्षय. तो दुर्बिणीत क्रोन्ससारखाच दिसू शकतो. डॉक्टर त्याची तपासणी करतायत म्हणून वेळ लागत असेल तर घाई करू नका.

पहिला प्रकार: ६ ते ८ आठवडे दुसरं काहीही न खाता फक्त वैद्यकीय पूर्ण-आहार पेय. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये हाच पहिला उपाय मानतात, कारण स्टिरॉइडइतकाच उतारा पडतो आणि वाढ खुंटत नाही. मोठ्यांना निभावणं कठीण जातं. ५० किलोच्या माणसाला साधारण दीड हजार उष्मांक लागतात. बहुतेक पेयं मिलीला एक उष्मांक या हिशेबाने बनतात, म्हणजे दिवसाला दीड लिटर, सात-आठ पेल्यांत विभागून. पहिल्या दिवशी अर्धं, तीन दिवसांत पूर्ण.

फसतं कुठे: पावडर 'अंदाजे' घालतात. डब्यातलाच चमचा, सपाट, लिहिलेल्या पाण्यात, आधी पाणी मग पावडर. घट्ट केलं तर जुलाब, पातळ केलं तर वजन उतरतं. कालवलेलं पेय बाहेर चार तासांच्या वर ठेवू नका, आणि मे महिन्यातल्या आपल्या उकाड्यात तितकंही नको. फ्रिजमध्ये २४ तास. पावसात वीज जाते तेव्हा फ्रिजचा भरवसा नाही, एका वेळेपुरतंच कालवा. डबा घट्ट बंद. दमट हवेत पावडरचे गोळे झाले की चमच्याचं माप चुकतं.

*धोका:* ज्याने दहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही, किंवा बीएमआय १६ च्या खाली आहे, त्याला घरी हे सुरू करायचं नाही. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन उतरतं, हृदयाची लय बिघडते. असा रुग्ण रुग्णालयात, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन, अगदी थोड्या उष्मांकांवर सुरू करतात.

दुसरा, क्रोन्सचा एक्सक्लूजन डाएट. त्यावरचा मुलांमधला मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले सहा आठवडे निम्मे उष्मांक पेयातून, निम्मे ठरावीक पदार्थांतून. पुढचे सहा आठवडे पेय पाव भागावर. पहिल्या टप्प्यात रोज सक्तीचे पदार्थ आहेत: चिकनच्या छातीचा भाग, दोन अंडी, दोन बटाटे (उकडून, थंड करून मग खायचे), दोन केळी, एक सफरचंद. भात चालतो. गहू, दूध आणि पाकिटातलं सगळं बंद. इथे लोक 'बंद'ची यादी पाळतात आणि सक्तीची सोडतात. मग तो आहार राहत नाही, नुसती उपासमार होते. शुद्ध शाकाहारी माणसाला तो आहे तसा बसत नाही, आहारतज्ज्ञाशिवाय करूच नये.

---

सड्यावरचा

पोटावर पिशवी असलेल्यांसाठी काही? पाणी जास्त प्या म्हणतात, आणि जितकं प्यावं तितकी पिशवी भरते.

---

मिठागर

बरोबर निरीक्षण आहे. इलिओस्टोमीची (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून लावलेली) पिशवी दिवसाला दीड लिटरच्या वर भरायला लागली की साधं पाणी, चहा, शहाळं, कोकम सरबत यांनी ती आणखी भरते. कारण लहान आतड्यात शिरलेल्या बिनमिठाच्या पाण्यात शरीर स्वतःचं मीठ ओततं, आणि ते मीठ-पाणी दोन्ही पिशवीत जातं. म्हणजे तहान लागते म्हणून पाणी, पाण्यामुळे तहान.

अशा वेळी ग्लुकोज-मीठ-सोड्याचं द्रावण देतात: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज पावडर, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. चमच्याने नको, दागिने तोलतात तसला छोटा डिजिटल काटा मिळतो, त्यावर. खडेमीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्यात वेगवेगळं भरतं. दिवसभर घोट-घोट, २४ तासांत संपवायचं. बाकीचे बिनमिठाचे द्रव किती, याची मर्यादा डॉक्टर ठरवून देतील. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारा.

मेडिकलमधलं ओआरएस घेताना पुडी बघा. एक लिटरची पुडी २०.५ ग्रॅमची असते, ती *पूर्ण* एक लिटरमध्ये. पेल्यात अर्धी पुडी टाकू नका. शेजारच्या फळीवर रंगीत खोकी असतात, नाव तसंच पण साखरच फार. ती ठेवून द्या.

---

आबोली_वळेसर

लोहाच्या गोळीने पोट बिघडतं म्हणून बंद केली तर? अळू-पालकाने भागेल?

---

पाटाचंपाणी

भागणार नाही. भडक्यात आतडं लोह आत घेतच नाही नीट, आणि न शोषलेलं लोह पोटात त्रास देतं. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल किंवा भडका चालू असेल तर शिरेतून लोह देतात, ते डॉक्टरांना विचारा. फेरिटिन वाचतानाही सावध. सूज असताना ते फुगलेलं असतं, १०० च्या खाली असलं तरी कमतरता धरतात. शांत काळात हीच रेघ ३० ची.

गोळी चालू असेल तर चहाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, दोन तासांचं अंतर.

अळूबद्दल आणखी एक. लहान आतड्याचा क्रोन्स असेल आणि फॅट पचत नसेल, तर अळू-पालकातलं ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि मूत्रपिंडात खडे होतात. फतफतं आठवड्याचा नेम करू नका. केलंत तर त्याच जेवणात दही घ्या, कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं.

बी-१२ : लहान आतड्याचं टोक २० सेंमीच्या वर कापलेलं असेल तर मासे कितीही खा, ते शोषायची जागाच गेली. इंजेक्शन लागतं. सल्फासॅलाझिन किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर फोलिक ॲसिड लिहून दिलंय का बघा.

---

उकडातांदूळ

पावसात सगळ्यांचीच पोटं बिघडतत. मग भडका कसो ओळखायचो?

---

खाजणकाठ

घरी ओळखता येत नाही, आणि ओळखल्यासारखं करून स्टिरॉइड वाढवणं ही मोठी चूक. पहिल्या पावसात विहिरी गढूळ होतात, जंतूंचे जुलाब सुरू होतात. शौचाची तपासणी, कल्चर आणि सी डिफिसाइल (जुलाब करणारा एक जंतू) बघितल्याशिवाय 'भडका' म्हणू नये. पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान मिनिटभर तसंच उकळू द्यायचं.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर कालवं, तिसऱ्या, खुबे पूर्ण शिजलेलेच. 'तोंड उघडलं की उतरवा' ही चवीची रीत आहे, इथे उघडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं उकळा, न उघडलेली टाकून द्या. कच्चं कालव खडकावरच फोडून खाणं तर विसराच.

आणि हे पान फ्रिजवर लावा: दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप ३७.८ अंश सेल्सियसच्या वर किंवा नाडी ९० च्या वर, तर आहारतज्ज्ञाची पुढची तारीख बघत बसायचं नाही. त्याच दिवशी दाखल व्हायचं, गाडी रात्रीची असली तरी वाट बघायची नाही, जवळच्या रुग्णालयात आधी जायचं आणि तिथून पुढे.

---

सड्यावरचा

दुधाचा चहा?

---

माडाखाली

बहुतेकांना चालतो. दिवसाचं सगळं दूध मिळून पेलाभराच्या आत असेल तर लॅक्टोज सोसत नाही अशा माणसालाही सहसा त्रास होत नाही. दूध चार दिवस पूर्ण थांबवा, वही लिहा, मग बाकी काही न बदलता एक कप घेऊन बघा. फरक नसेल तर कॅल्शियम फुकट घालवू नका, विशेषतः स्टिरॉइड चालू असताना. मात्र हे भडका ओसरल्यावर. भडक्यात केलेल्या चाचणीत सगळेच पदार्थ दोषी ठरतात.